टेपवरचे आकडे

आमच्या वर्गात पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई यायच्या. जुना ब्लाउज समोर ठेवला की त्यावरून नवं कापड असं बेतायच्या की मुंढा कुठे ओढायचा नाही, गळा कुठे लोंबायचा नाही. पण जुना ब्लाउज न आणता कुणी नुसतं माप द्यायला आलं, तर "आज जमायचं नाही" म्हणून परत पाठवायच्या. कारण मला आठवडाभराने कळलं. टेपवरचे आकडे त्यांना वाचता येत नव्हते. माप जिथे येईल तिथे टेपवर बॉलपेनने खूण करायची आणि त्या खुणेवरून कापायचं, अशी त्यांची रीत. तिसऱ्या-चौथ्या गिऱ्हाइकानंतर टेपवर इतक्या खुणा व्हायच्या की कुठली कुणाची हे त्यांनाच उमजेना. मग रात्री ओल्या फडक्याने टेप पुसायची आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

तो वर्ग नगरपालिकेने भरवलेला होता, महिला व बालकल्याणाच्या निधीतून. कार्यादेशात लिहिलं होतं: शिवणकाम प्रशिक्षण, 30 महिला, 45 दिवस, रोज 2 तास. ठेका दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेला मिळाला होता आणि तिने मला रोजावर शिकवायला नेमलं होतं. चौकशी केल्यावर लक्षात आलं की तीसपैकी आठ बायकांना टेप वाचता येत नाही. म्हणून मी रोज पहिला अर्धा तास आकड्यांना दिला. या बायकांना हिशेब येत नव्हता असं मुळीच नाही. पावणेसहा, सव्वासात, साडेनऊ ही सगळी भाषा त्यांच्या तोंडात होती, बाजारातला तोंडी हिशेब कधी चुकत नव्हता. एका इंचातल्या आठ बारीक रेघांमध्ये पाऊण कुठे बसतो, तेवढंच दाखवायचं होतं. मी फळ्यावर इंच हातभर मोठा काढला आणि भाकरीचे चतकोर करतात तसे त्याचे भाग पाडले. तिसऱ्या दिवशी त्या बाईंनी शेजारणीचा दंड मोजला, बोट रेघेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "पावणेबारा." तोवर वर्गात कुणी एवढ्या मोठ्याने बोललं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ठेकेदार संस्थेचा माणूस पाहणीला आला. "मॅडम, हे आकडे कशाला? अभ्यासक्रमात नाहीत." मी त्याला दोष देत नाही. बिल निघायला त्याला रोजची हजेरी, मागे फलक लावलेला फोटो आणि शेवटी प्रमाणपत्र घेतल्याच्या सह्या, एवढंच हवं होतं. त्या बाईंना आता नवं गिऱ्हाईक घेता येतं की नाही, हे नगरपालिकेने त्याला विचारलंच नव्हतं. कागदावर नसलेली गोष्ट तो का करील? मला माझे पैसे आठ महिन्यांनी मिळाले. वर्ग संपला आणि मशीन ठेकेदाराच्या टेम्पोत बसून निघून गेली. आठपैकी पाच जणींना टेप पक्की वाचता येऊ लागली होती, तिघींना अजून पंधरा दिवस हवे होते. ते कुणाकडे मागायचे?

शिवणकाम शिकवायला लागून मला 19 वर्षं झाली आणि या काळात असे वर्ग मी बरेच पाहिले आहेत. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदांनी मोठ्या माणसांच्या आणि शाळा सुटलेल्या मुलांच्या शिकण्यावर पैसा खर्च करायलाच हवा. मी तर म्हणते, आज करतात त्याहून जास्त करायला हवा. पण शिकवणं त्या ज्या रीतीने विकत घेतात, ती रीत गटाराचे पाइप घेण्याची आहे. पाइपाचा व्यास, लांबी आणि जाडी आधी ठरवता येते, म्हणून तिथे सर्वांत कमी दर पाहणं रास्त आहे. माणसाला काय येतं आणि काय अडतं, हे त्याच्याशी बोलल्याशिवाय ठरत नाही.

याचं मूळ थोडं कायद्यातही आहे. घटनेच्या 73 व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यातल्या 29 विषयांत व्यवसाय शिक्षण 18 वं, प्रौढ व अनौपचारिक शिक्षण 19 वं आणि ग्रंथालयं 20 वी. म्हणजे गावासाठी हा विषय नावानिशी लिहिलेला आहे. शहरांसाठी 74 व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली, 18 विषयांची. तिच्यात प्रौढ शिक्षणाचं नाव नाही. सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन, असं एक मोघम कलम 13 व्या क्रमांकावर आहे, बस. म्हणून शहरात हे काम कुठल्या तरी दुसऱ्या दाराने आत येतं. महिला व बालकल्याणासाठी राखायच्या 5 टक्के निधीतून शिवण, ब्यूटी पार्लर आणि संगणकाचे वर्ग निघतात. दिव्यांगांच्या निधीतून आणखी काही. जिल्हा परिषदेत मुलींना एमएस-सीआयटी शिकवायची योजना असते, तीही महिला व बालकल्याणातूनच. हे सगळं चांगलंच आहे. पण दहावीत गणितात राहिलेला सतरा वर्षांचा मुलगा, किंवा गावाकडून येऊन रंगकाम करणारा चाळिशीचा माणूस, याच्यासाठी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात जवळपास कुठलंच लेखाशीर्ष नाही. लेखाशीर्ष नाही म्हणजे पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणजे त्याचा विचार करणारा कारकूनसुद्धा नाही.

या मुलांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांपुरता आहे. 2025 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 94.10 टक्के लागला, पेढे वाटले गेले. पण परीक्षेला बसणारी मुलं पंधरा लाखांच्या वर असतात, तेव्हा उरलेल्या टक्क्यांत 90 हजारांच्या आसपास मुलं येतात. दहावीपर्यंत पोचलीच नाहीत ती वेगळीच. यांच्यासाठी रस्ता बंद नाही. पुरवणी परीक्षा आहे, आणि बाहेरून बसायला आपण सगळे ज्याला 17 नंबरचा फॉर्म म्हणतो तो आहे. मुक्त विद्यालय आहे, पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. परीक्षेला बसायची सोय आपल्याकडे भरपूर आहे. संध्याकाळी सात वाजता शेजारी बसून बीजगणित समजावून सांगणारं माणूस मात्र सापडत नाही. माझ्या शिवणवर्गाच्या दारात एक मुलगा उभा राहायचा, आईला न्यायला यायचा. गॅरेजमध्ये कामाला होता. हाताला ग्रीस, म्हणून वही धरताना कोपऱ्याला धरायचा. त्याने फॉर्म भरला होता, पुस्तकंही होती. "वर्गसमीकरणाच्या पुढे जातच नाही" म्हणाला. त्या परिसरात नगरपालिकेची अभ्यासिका होती, ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेली. त्यांना जागा मिळावी हे मला मान्यच आहे, तीही गरिबाघरचीच मुलं. पण अभ्यासिकेत खुर्ची आणि दिवा मिळतो, शिकवणारं कुणी नसतं. ज्याला अभ्यास कसा करायचा हेच येत नाही, त्याला नुसत्या खुर्चीने काय होणार?

अशा मुलांसाठी मुंबईत रात्रशाळा होत्या आणि अजून आहेत. बहुतेक खासगी संस्थांच्या, सरकारी अनुदानावरच्या, आणि पुष्कळशा महापालिकेच्या शाळांच्या इमारतींत भरणाऱ्या. गिरणीतला, हॉटेलातला, दुकानातला मुलगा तिथे शिकला आणि पुढे गेला. 2017 मध्ये शासनाने दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांना रात्रशाळेतून कमी केलं. हेतू काहीही असो, वर्ग एका झटक्यात शिक्षकांवाचून उघडे पडले. रात्री शिकणाऱ्या मुलाची पहिली गरज असते की रोज तेच सर असावेत. दिवसभर राबून तो येतो, आणि आपलं काय अडतं हे पुन्हा नव्या माणसाला सांगायचं त्याला जिवावर येतं. दुसऱ्यांदा सांगेल, तिसऱ्यांदा येणारच नाही.

ठेक्यातही नेमकं हेच तुटतं. प्रशिक्षणाचं काम एका वर्षापुरतं असतं, आणि तेही वर्षभर नसतं. अंदाजपत्रक मंजूर होतं, मग ठराव, मान्यता आणि निविदा यांत दिवाळी उलटते. कार्यादेश हातात पडतो जानेवारीत आणि मार्चअखेर बिल निघालं नाही तर निधी परत जातो. म्हणून सगळ्या गावांत शिवणवर्ग फेब्रुवारी-मार्चमध्येच दिसतात. ऊसपट्ट्यात ते तोडणीचे दिवस, पोरांच्या परीक्षांचे दिवस, लग्नसराईच्या तयारीचे दिवस. बायकांना वेळ असतो तो पावसाळ्यात, लावण्या उरकल्यावर. त्या वेळी नगरपालिकेचा वर्ग मी आजवर पाहिलेला नाही.

निविदेच्या अटी वाचल्या की आणखी एक गोष्ट दिसते. तीन वर्षांची उलाढाल इतक्या लाखांची हवी, तशाच कामाचा अनुभव दाखला हवा, बयाणा रक्कम हवी, डिजिटल सही हवी. आमच्याच वस्तीत दोन बचत गट मिळून मुलींना संध्याकाळी शिकवत होते. समाजमंदिरात सतरंजी टाकून, पाच वर्षं अखंड. कुणाचा बाप कशाने आजारी आहे आणि कोणती मुलगी कशामुळे यायची बंद झाली, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांची उलाढाल निविदेच्या आकड्याच्या जवळपासही जात नव्हती. ज्यांना गल्ली माहीत आहे त्यांना निविदा भरता येत नाही, आणि ज्यांना निविदा भरता येते त्यांनी गल्ली पाहिलेली नसते. मग बाहेरची संस्था दर पाडून काम घेते आणि आमच्यासारख्यांना रोजावर नेमते. मधला फरक शिकवण्यातूनच कापला जातो: कापड कमी, दोरा हलका, दहा बायकांत एक मशीन.

यावर लोक म्हणतात, दर पाहायचा नाही तर काय, अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडायचं? ओळखीच्या संस्थेला काम देतील, पैसे खातील. ही भीती खोटी नाही, आणि ती बोलून दाखवणाऱ्यांनी तसं होताना पाहिलेलं असतं. पण कमी दराच्या पद्धतीने तरी ते थांबलं आहे का? तीन कोटेशन एकाच हाताची असतात हे कुणाला माहीत नाही? गुणवत्ता मोजायची झाली तर ती उघड्यावर मोजता येते. केंद्रीय अर्थखात्याने ऑक्टोबर 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत केंद्राच्या खरेदीत सेवांसाठीही किमतीबरोबर गुणवत्तेला जास्तीत जास्त 30 टक्के वजन द्यायला वाव ठेवला आहे. इंग्लंडमध्ये 2012 साली झालेला सामाजिक मूल्याचा एक कायदा सरकारी संस्थांना सांगतो की सेवा विकत घेताना किमतीच्या पलीकडे त्या भागाचं सामाजिक, आर्थिक भलं किती होईल याचाही विचार करा. तिथल्या अनेक कौन्सिल मोठ्यांचे वर्ग स्वतः चालवतात किंवा छोट्या स्थानिक संस्थांना नेमून करून घेतात. तिथे सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही, पैशांची ओढाताण तिथेही आहे. पण "सर्वांत स्वस्त तेच घ्या" हा काही निसर्गाचा नियम नाही, माणसांनी केलेला आहे आणि माणसांना बदलता येतो.

दुसरं म्हणणं असं येतं की साक्षरतेसाठी केंद्राची योजना आहेच, नगरपालिकेने त्यात का पडायचं? उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम, 2022 ते 2027. पाच वर्षांत 5 कोटी माणसं, खर्च 1,037.90 कोटी रुपये. भागाकार करून पाहा: माणशी 210 रुपयांच्या आत. एवढ्यात शिकवणाऱ्याला मानधन देता येत नाही, म्हणून योजना स्वयंसेवकांवर उभी आहे. निरक्षर शोधण्याचं काम शिक्षकांवर आलं तेव्हा 2023 मध्ये आपल्याकडच्या शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला, आणि शाळेच्या कामांनी आधीच वाकलेल्या माणसांचं ते म्हणणं मला समजतं. स्वयंसेवकांबद्दल मला आदर आहे, मीही कितीतरी महिने फुकट शिकवलं आहे. पण फुकट शिकवणारं माणूस बहुधा बाईच असते, आणि तिच्या घरी चूल असते. शहरातला कचरा स्वयंसेवकांनी उचलावा असं आपण म्हणत नाही.

ही परंपरा आपल्याला नवी नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1855 मध्ये कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम उभी राहिली आणि पुढे राज्यभर गेली. गावच्या गावं साक्षर झाली, चावडीवर समारंभ झाले. नंतर पाठपुरावा सैल पडला आणि शिकलेली अक्षरं कित्येकांच्या हातून निसटली. पाटीवर गिरवलेलं अक्षर रोजच्या कामात लागलं नाही तर टिकत नाही, हे तेव्हाच कळलं होतं. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 2016 मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी साड्या नेसलेल्या आज्या पाठीला दप्तर लावून निघालेल्या सगळ्यांनी पाहिल्या. त्या फोटोंचं कौतुक झालं ते योग्यच. मला त्यातली वेळ महत्त्वाची वाटते: शाळा भरायची दुपारी, आज्यांची घरची कामं उरकल्यावर. आधी माणसांना विचारून मग वेळ ठरवली, म्हणून ती चालली.

मग नगरपालिकेने करावं तरी काय? आधी प्रभागात बसून विचारावं. वस्त्यांमधले बचत गट पाहणाऱ्या तिच्या समूहसंघटिका वस्तीत जातातच. कुणाला टेप वाचायची आहे, कुणाला बँकेची स्लिप भरायची आहे, कुणाला दहावीचं गणित हवंय, कुणाला मोबाइलवरून पैसे पाठवताना फसायचं नाही, याची यादी त्यांनी आणावी आणि तिच्यावरून कामाचं स्वरूप ठरावं. काम तीन वर्षांसाठी द्यावं, दर वर्षी तपासून. छोट्या संस्थांना आणि वस्तीस्तर संघांना, म्हणजे वस्तीतल्या बचत गटांनी मिळून केलेल्या संघांना, उलाढालीच्या अटीतून मोकळं करावं, वाटल्यास रकमेची मर्यादा घालावी. शिकवणाऱ्याचं मानधन करारातच लिहावं आणि ते दरमहा थेट तिच्या खात्यात जावं. बिल हजेरीवर निघावं, हरकत नाही, पण त्यातला एक हिस्सा सहा महिन्यांनी निघावा, शिकलेल्यांपैकी दहा जणांना घरी जाऊन भेटल्यावर. माझ्या आठ बायकांच्या घरी कुणी गेलं असतं तर पाच ठिकाणी भिंतीवर टांगलेली टेप आणि मापांची वही दिसली असती, आणि तीन ठिकाणी काय राहिलं तेही कळलं असतं.

जागेचा प्रश्न मला सर्वांत सोपा वाटतो आणि तिथेच सर्वांत जास्त अडतं. नगरपालिकेच्या शाळा संध्याकाळी पाचनंतर कुलूपबंद असतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट लिहिलं आहे की शाळेची वेळ संपल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी इमारती प्रौढ शिक्षणासाठी वापराव्यात, ग्रंथालयंही वापरावीत. इंग्लंडात केंब्रिजजवळच्या सॉस्टन गावी 1930 मध्ये हेन्री मॉरिस नावाच्या शिक्षणाधिकाऱ्याने दिवसा मुलांची आणि संध्याकाळी मोठ्यांची अशी एकाच इमारतीची शाळा उभी केली, त्यालाही आता शंभर वर्षं होत आली. आपल्याकडे अडतं ते किल्लीवर. मुख्याध्यापक म्हणतात, बाक मोडला तर जबाबदार कोण? शिपायाची वेळ संपलेली. विजेचं बिल कुठल्या विभागाचं? हे प्रश्न खरे आहेत, पण ते एका शिपायाच्या जादा भत्त्याने आणि एका पानाच्या आदेशाने सुटणारे आहेत.

पैसा कुठून आणायचा, पाणी आणि रस्ते आधी की हे, असंही विचारतात. पाणी आधीच. पण महिला व बालकल्याणाचा पैसा आजही खर्च होतोच आहे, मी त्याच पैशाबद्दल बोलते आहे. मुलांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळं लेखाशीर्ष हवं, सुरुवातीला लहान असलं तरी चालेल. मुंबई, पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कित्येक वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. राज्यातल्या पुष्कळ शहरांत तेच. त्या काळात आपल्या प्रभागात वर्ग का नाही, हे सभागृहात विचारणारं कुणी नव्हतं. पुण्यात 2006-07 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात, पण सुचवली जातात ती बहुतेक पदपथ, दिवे आणि बाकड्यांची. शिकण्याची सोयही मागता येते, हे आपल्या मनातच येत नाही.

आम्ही ती मागितली आहे. यंदा टेप वाचायला शिकलेल्या पाच जणी, शिकायच्या राहिलेल्या तिघी, तो गॅरेजमधला मुलगा आणि मी, असे मिळून मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला. जून ते ऑक्टोबर रोज दोन तास शाळेची एक खोली, संध्याकाळी सात ते नऊ. गणिताला एक शिक्षक, शेवटपर्यंत तोच. चार मशीन, त्या वर्ग संपल्यावर तिथेच राहतील. अर्ज त्या पन्नाशीच्या बाईंनी स्वतःच्या हाताने आवक-जावकच्या टेबलावर ठेवला आणि कारकुनाने शिक्का मारून परत दिलेल्या पोचपावतीवरचा आवक क्रमांक तिथेच उभं राहून एकेक आकडा करून वाचून पाहिला.